नास्तिक असणं ही विचारसरणी आहे का? की नुसतं एका प्रश्नाचं उत्तर?

मंगळवारपेठी (धागाकर्ता)

एक वाक्य हल्ली फार कानावर येतं. पंगतीत, ऑफिसात डबा खाताना, आणि फॅमिली ग्रुपवर तर दर संकष्टीला. "तुमचं नास्तिक असणं हापण एक धर्मच झाला की ओ." म्हणणाऱ्याला वाटतं विषय संपला. मला वाटतं विषय तिथनं सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वाचा आणि जिथं पटत नाही तिथं अडवा.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो. देव आहे का, या एका प्रश्नाला "मला तसं वाटत नाही, वाटावं असा पुरावा मला दिसलेला नाही" हे उत्तर म्हणजे नास्तिकता. बास. त्या उत्तरातनं आपोआप पुढचं काही निघत नाही. मटण खावं का नाही, जमीन कुणाच्या नावावर असावी, आरक्षण असावं का, पोरीनं कुणाशी लग्न करावं, यातल्या एकाचंही उत्तर नुसत्या नास्तिकतेत सापडत नाही. विचारसरणी म्हटली की तिच्यात ही उत्तरं लागतात, निदान कुठल्या अंगाला शोधायची एवढं तरी लागतं.

आता माणसं बघा. र. धों. कर्वे पक्के बुद्धिवादी, १९२७ पासून १९५३ पर्यंत संततिनियमनावर आणि लैंगिक शिक्षणावर मासिक चालवलं, त्यापायी खटले झेलले. भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात बसून आपण नास्तिक का झालो ते लिहिलं, ते समाजवादी क्रांतिकारक. सावरकर विज्ञाननिष्ठ, गाय उपयुक्त पशू आहे म्हणणारे, १९६६ ला गेले ते माझ्यामागं विधी नकोत सांगून, आणि राजकारण हिंदुत्वाचं. पेरियार द्रविड चळवळीचे. आपले कॉम्रेड गोविंद पानसरे आयुष्यभर कम्युनिस्ट. या पाच जणांचं देवाबद्दल जमलं असतं कदाचित, पण त्यापुढं देश, जात, मालमत्ता, बाई, कशावर जमलं असतं सांगा. पाच जणांच्या पाच विचारसरण्या आहेत आणि प्रत्येकीला आपापलं नाव आहे.

आपल्याकडं पेठेपेठेत तालीम आहे. एखाद्याचं नाव कुठल्याच तालमीत नाही म्हणून "कुठल्याच तालमीत नसणाऱ्यांची तालीम" असं काही तयार होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे आणि तीच मला खरं तर बोलायची आहे. कोल्हापुरात नास्तिक हा शब्द ज्यांच्यावर फेकला गेला त्यातले कितीतरी नास्तिक नव्हतेच. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, त्यांचा निर्मिक होता, म्हणजे निर्माता ते मानत होते. आपल्याकडं १९११ ला सत्यशोधक समाज उभा राहिला तो शाहू महाराजांच्या पाठबळावर, आणि महाराज काय देव न मानणारे नव्हते. १८९९ च्या सुमाराला पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणत नाही, पुराणोक्त म्हणतो, कारण काय तर तुम्ही शूद्र, इथनं ते प्रकरण पेटलं. भांडण देव आहे का नाही याचं नव्हतंच. देवापर्यंत जायची वाट कुणाच्या ताब्यात, याचं होतं. पुढं १९२० ला महाराजांनी क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे आपले धर्मगुरू, नेमले, म्हणजे पीठ मोडलं नाही, स्वतःचं पीठ उभं केलं. आणि तरी त्यांना धर्मबुडवे म्हणणारे होतेच.

म्हणून "नास्तिकता हाही एक धर्म" असं कुणी म्हणालं की मी आधी बघतो की त्याला खुपतंय काय. देव नाकारणं खुपतंय, का मधल्या माणसाला प्रश्न विचारणं?


गंगावेशकर

मी आस्तिक. रोज सकाळी अंबाबाईचं दर्शन घेतो आणि मग दुकानाचं शटर वर करतो, वडिलांपासनंची पद्धत. तरी तुमचं सगळं वाचलं, आणि शाहू महाराजांचं जे लिहिलंय त्याला हात जोडून अनुमोदन.

पण पहिला भाग नाही पटला. नुसतं एका प्रश्नाचं उत्तर असतं तर घरात बसला असता की ओ. तुमच्यात व्याख्यानमाला आहेत, मासिकं आहेत, शिबिरं आहेत, २० ऑगस्टला दाभोलकरांचा आणि २० फेब्रुवारीला पानसरेंचा स्मृतिदिन आहे, गाणी आहेत, घोषणा आहेत, फोटोला हार आहे. मी हे टोचून बोलत नाही, मला त्या दोघांबद्दल आदर आहे, आणि आपल्या गावात सकाळी फिरायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसावर गोळ्या घातल्या याची आजही लाज वाटते. पण बाहेरनं बघणाऱ्याला हे सगळं संप्रदायासारखंच दिसतं. तालमीचं म्हणालात, तर कुठल्याच तालमीत नसलेले दहा जण रोज बिंदू चौकात जमायला लागले, वर्गणी काढली, बोर्ड लावला, तर ती तालीमच झाली.

अजून एक. जग आपोआप झालं, मेल्यावर काही उरत नाही, मन म्हणजे मेंदूच, हे तुमच्यातले लोक ठामपणे सांगतात. हे कुणी बघून आलंय का? मग ती श्रद्धाच.


उद्यमनगर_लेथ

गंगावेशकर लई बरोबर बोलला शेवटचं. मी देव मानत नाही पण मन म्हणजे मेंदूच काय हे मला ठावं नाही आणि ते माहीत असल्यासारखं सांगणारी माणसं मला पण खटकत्यात.

पण त्यानं माझं नास्तिक असणं धर्म कसं होईल. मला ठावं नाही हे म्हणायला श्रद्धा लागत नाही भावा.


मूळगाव_कोल्हापूर_मुक्काम_पुणे

तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवतो, नाहीतर सगळे एकमेकांच्या शेजारनं बोलत राहतील.

"देव आहे असं मी मानत नाही" आणि "देव नाहीच हे मला माहीत आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात दावा नाही, दुसऱ्यात आहे, आणि दावा केला की पुरावा द्यायची जबाबदारी आली. थॉमस हक्स्लीनं १८६९ मध्ये अज्ञेयवादाला नाव दिलं ते यासाठीच, की जे कळलेलं नाही ते कळलं म्हणू नये, दोन्ही बाजूंनी. बर्ट्रंड रसेलनं १९५२ मध्ये चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक इतकी बारकी किटली फिरतीय की दुर्बिणीलाही दिसत नाही असं मी म्हणालो, तर ती नाही हे सिद्ध करायचं काम तुमचं नाही, आहे हे दाखवायचं काम माझं. गंगावेशकरांचा मुद्दा दुसऱ्या प्रकारच्या नास्तिकाला लागू पडतो, पहिल्याला नाही.

पण मंगळवारपेठी, तुमचं "बास, त्यापुढं काही नाही" हेही मला पुरेसं वाटत नाही. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, यांनी १९४० ला मुदुनूर गावात नास्तिक केंद्र काढलं, १९४७ ला ते विजयवाड्याला नेलं. त्यांच्या लेखी नास्तिकता म्हणजे नुसता नकार नव्हता. देव नाही, म्हणजे जे आहे त्याची जबाबदारी माणसावर, म्हणजे अस्पृश्यता देवानं घातलेली नाही, माणसानं घातली, म्हणून माणसानं मोडायची, अशी साखळी त्यांनी लावली आणि तसे जगले. सहभोजनं घातली, मुलीचं लग्न अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणाशी लावलं, तेही १९४८ ला सेवाग्रामात, गांधीजींनी जिवंतपणी त्या लग्नाला होकार दिला होता. याला जीवनदृष्टी नाही तर काय म्हणणार? आणि तिचं नाव त्यांनी स्वतःच नास्तिकता ठेवलेलं आहे.


शिरोळची_माती

आमचं घर जैन, शेती शिरोळ तालुक्यात. या चर्चेत आमच्यासारख्यांना कुणी धरत नाही म्हणून लिहितो. जैन दर्शनात सृष्टी निर्माण करणारा देव नाही. जग अनादी आहे, कर्माचा हिशोब कुणी वर बसून ठेवत नाही, तो आपोआप लागतो, आणि तीर्थंकर तुमच्यासाठी काही करत नाहीत, ते वाट दाखवून गेले. या हिशोबानं आम्ही निरीश्वरवादी. तरी कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर येऊन बघा, पंचकल्याणक, म्हणजे मूर्तीच्या प्रतिष्ठेचा सोहळा, असलं तर गाव लोटतं, आजी रात्रीचं जेवत नाही, चातुर्मासात कंदमूळ घरात येत नाही. धर्म म्हणून जे जे काय असतं ते सगळं आहे, फक्त जगाचा निर्माता तेवढा नाही.

सांख्य घ्या, मीमांसा घ्या. सांख्यात पुरुष आहे प्रकृती आहे, ईश्वराशिवाय सगळा संसार उभा केलाय. मीमांसक वेद प्रमाण मानतात, यज्ञ सांगतात, पण जग घडवणारा ईश्वर त्यांना लागत नाही. आणि चार्वाक, जे दिसतं तेच प्रमाण म्हणणारे, त्यांची स्वतःची मांडणी होती, तिला लोकायत म्हणायचे.

यावरनं मला एवढंच कळतं की देव मानणं न मानणं हा एक प्रश्न आणि जगायची व्यवस्था असणं नसणं हा वेगळा प्रश्न. देव आहे आणि व्यवस्था काहीच नाही अशी माणसं ढिगानं. देव नाही आणि व्यवस्था कडक, ते आमच्या घरात बघायला मिळंल.


मंगळवारपेठी

@शिरोळची_माती, तुमच्या प्रतिसादानं माझं काम सोपं केलं. मला दोन पानं लागली असती तिथं तुम्ही आजीच्या न जेवण्यावर भागवलंत.

@मुक्काम_पुणे, गोरांचं उदाहरण जोरदार आहे, पण बघा, त्यांच्या साखळीत "म्हणून माणसानं मोडायची" ही कडी नास्तिकतेतनं आलेली नाही. ती समतेतनं आली. देव नाही असं म्हणणारा एखादा सावकार "म्हणून मला जाब विचारणारा कोणी नाही" असंही म्हणू शकतो, त्याच्या नास्तिकतेत काही कमी पडत नाही. गोरांनी समता आधीच धरलेली होती, नास्तिकतेनं फक्त मधला अडथळा काढला.

@गंगावेशकर, दाभोलकरांच्या समितीचं सांगतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ ला सुरू झाली, तिची जाहीर भूमिका पहिल्यापासून हीच की देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावावर जे शोषण चालतं त्याला विरोध. तिच्यात देव मानणारे कार्यकर्ते आहेत. विसर्जनाला पंचगंगेवर मूर्तीदान करा म्हणून उभी राहणारी पोरं असतात, त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी गणपती बसतो. २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसात अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला, तो कायदा वाचा, नरबळी, अघोरी उपाय, भूत उतरवायला मारहाण यावर आहे. देव मानू नका असं त्यात एक अक्षर नाही. तेव्हा तुम्ही बोर्ड लावलेली जी तालीम म्हणता ती आहे, मान्य, पण तिच्या बोर्डावर नास्तिकता लिहिलेलं नाही. विवेकवाद लिहिलंय. दोन्हीत फरक आहे आणि तो फरक जपायला माणसं मेली आहेत.


रंकाळा_पदपथ

आणि अल्बेनिया? तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजानं १९६७ ला देश नास्तिक म्हणून जाहीर केला, मशिदी आणि चर्च बंद केली, १९७६ ला राज्यघटनेतच घातलं की राज्य कुठलाही धर्म मानत नाही आणि नास्तिकतेच्या प्रचाराला पाठिंबा देतं. रशियात १९२५ पासून निरीश्वरवाद्यांची सरकारी आशीर्वादाची संघटना होती, शाखा, सभासद, मासिक सगळं. धर्मगुरू तुरुंगात घातले, मारले. इथं "ती नास्तिकता नाही, कम्युनिझम" असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. धर्माच्या नावानं दंगल झाली की तुम्ही म्हणता धर्माची जबाबदारी, मग नास्तिकतेच्या नावानं झालं की जबाबदारी दुसऱ्याची?


मंगळवारपेठी

हात झटकत नाही. अल्बेनियात राज्यानं नास्तिकता सक्तीची केली आणि लोकांच्या घरातली पूजा गुन्हा ठरवली, ते अत्याचार होते, आणि नास्तिक म्हणवणाऱ्या प्रत्येकानं ते मोठ्यानं म्हटलं पाहिजे. आणि एक मान्यच करायला लागतं, की नास्तिकता राज्याच्या हातात पडून सक्तीची झाली की ती विचारसरणीच होते. उत्तर सक्तीचं केलं की ते उत्तर राहत नाही, हुकूम होतो.

पण यातनं उलटंही दिसतं. आपल्या घटनेत कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, मानायचं आणि न मानायचं दोन्ही. १९७६ ला, म्हणजे बघा अल्बेनियानं ते कलम घातलं त्याच साली, आपण ५१क घातलं, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून आलं. एका देशानं उत्तर ठरवून दिलं, दुसऱ्यानं प्रश्न विचारायला सांगितलं. मी दुसऱ्याच्या बाजूचा.


राजारामपुरी_आठवी_गल्ली

सगळे दादालोक देव आहे का नाही यावर बोलताय. मी दोन ओळी बायकांच्या बाजूनं लिहिते, मग ठरवा विचारसरणी कशाला म्हणायचं.

गौरी येतात त्या दिवशी आमच्याकडं शेपूची भाजी आणि भाकरी लागते. आदल्या रात्री शेपू निवडायला बसायचं, काड्या कोवळ्या असल्या तर ठेवायच्या, जून काढायच्या, बोटं हिरवी होतात आणि वास दोन दिवस जात नाही. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. माणसं पंधरावीस. मिस्टर नास्तिक आहेत, आरतीला बाहेर अंगणात उभे राहतात, लोक म्हणतात बघा तत्त्वाचा माणूस. मीही देव मानत नाही. पण मी अंगणात उभी राहिले तर स्वयंपाक कोण करणार? त्यांची नास्तिकता त्यांना मोकळं करते, माझी मला करत नाही, कारण माझ्याकडून जे अपेक्षित आहे ते देवासाठी नाहीच, घरासाठी आहे, सासूबाईंसाठी आहे.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तुम्ही देव नाकारला, आता पोळ्या लाटा. गेल्या गणपतीपासून लाटतात. हे त्यांना नास्तिकतेनं शिकवलं नाही, बायकोनं शिकवलं. म्हणून मी धागाकर्त्याशी सहमत, देव न मानण्यात आपोआप चांगलं काही येत नाही, जे यायचं ते वेगळं आणावं लागतं.


पंचगंगा_घाट

ताईंचं वाचून लिहायला बसलो, नाहीतर वाचूनच गेलो असतो.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी कॉलेजपासून नास्तिक, भावकीत सगळ्यांना माहिती. आपल्याकडं दहन शेणीवर होतं, महापालिका पैसे घेत नाही, गावातली मंडळं आणि साधी माणसं तिथं शेणी दान देतात, त्या ढिगाकडं बघत मी उभा होतो आणि मनात एवढंच येत होतं की जात विचारल्याशिवाय कुणीतरी माझ्या बापासाठी जळण देऊन गेलंय. ते देणारा आस्तिक का नास्तिक याचा विचार आला नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. केळीच्या पानावर भात, वरण, वडे, बाबांना आवडायची म्हणून कांदाभजी, आणि आत्यानं कोपऱ्यात पानतंबाखूची पुडी ठेवलेली. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. ऊन चढायला लागलं. आत्या पानापुढं वाकून म्हणाली "दादा, काय राहिलं असंल तर सांग रं." काका म्हणाले धाकट्याच्या लग्नाचं आम्ही बघतो. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि आई कुणाकडंच बघत नव्हती. मी पुढं झालो, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "बाबा, आईला मी सांभाळतो, काळजी करू नका."

कावळ्यासाठी नाही म्हणालो. आईला ऐकू यावं म्हणून म्हणालो, आणि तिला ते दहा माणसांत ऐकायचं होतं.

आता माझा मुद्दा. नास्तिकता धर्म असता तर मी त्या दिवशी बाटलो असतो. कुणीतरी प्रायश्चित्त सांगितलं असतं. तसं काही होत नाही, कारण तसं सांगणारं पीठ नाही, ग्रंथ नाही, वाळीत टाकणारा कोणी नाही. मी घरी आलो तेव्हा जेवढा नास्तिक होतो तेवढाच होतो.


राजारामपुरी_आठवी_गल्ली

@पंचगंगा_घाट वाचून डोळे भरले. आईंना सांभाळताय ना, बास.

पण वाळीत टाकणारा कोणी नाही हे अर्धंच खरं. आमच्या ओळखीतल्या एकानं आजारी आईच्या समाधानासाठी सत्यनारायण घातला, तर त्याच्या विवेकी म्हणवणाऱ्या मित्रांनी महिनाभर त्याला ढोंगी म्हटलं, व्हॉट्सॲप ग्रुपमधनं काढलं. पीठ नसलं तरी माणसं पीठ तयार करतात. गंगावेशकरदादांना जे संप्रदायासारखं दिसतं ते हेच आहे, आणि ते त्यांना उगाच दिसत नाही.


मंगळवारपेठी

ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. कोण शुद्ध नास्तिक आणि कोण बाटला हे मोजायला बसलेली माणसं मीही बघतो आणि मला त्यांचा राग येतो. सोवळं सोडायचं म्हणून बाहेर पडायचं आणि बाहेर येऊन नवं सोवळं नेसायचं, याला काय अर्थ. पंचगंगा घाटावर त्या दादांनी जे केलं ते मी माझ्या वडिलांच्या वेळी करीन का माहीत नाही, पण त्यांना कुणी ढोंगी म्हणालं तर मी भांडीन.


काळा_कोट_कसबा_बावडा

वकिली करते, तेव्हा कायद्याच्या अंगानं थोडं. कायदा या प्रश्नाचं उत्तर सोयीनुसार वेगवेगळं देतो.

इंग्लंडचा २०१० चा समानता कायदा आहे, त्याच्या कलम १० मध्ये धर्म आणि श्रद्धा यांच्याबरोबर धर्म किंवा श्रद्धा नसणं हेही संरक्षणात घेतलंय. अमेरिकेत २००५ ला एका अपील कोर्टानं तुरुंगातल्या कैद्याच्या प्रकरणात घटनेच्या पहिल्या दुरुस्तीपुरतं नास्तिकतेला धर्मासारखं धरलं, म्हणजे नास्तिक कैद्यांचा अभ्यासगट नाकारताना तोच निकष लावायचा जो धर्माला लावतात. यावरनं कुणी म्हणंल की बघा कोर्टानं धर्म ठरवला. तसं नाही. संरक्षण सारखं मिळावं म्हणून एका रांगेत बसवलंय.

आपल्याकडं २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की सरकार कुणालाही धर्म सांगायची किंवा लिहायची सक्ती करू शकत नाही, मला धर्म नाही असं म्हणायचा हक्क कलम २५ मध्येच आहे. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले २८ लाखांच्या वर होते, लोकसंख्येच्या ०.२४ टक्के. ते सगळे नास्तिक असं समजू नका, त्यात नुसतं न सांगणारेही आले.

पण खरी गंमत वारसाहक्कात आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आणि वारसा कायदा १९५६ चा, दोन्ही मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नसलेल्या माणसाला लागू होतात, तो देव मानतो का हे कुणी विचारत नाही. म्हणजे हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कितीही नास्तिक असला तरी त्याची जमीन हिंदू कायद्यानं वाटली जाते. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली, १९५४ च्या, लग्न केलं तरी दोघंही हिंदू घरचे असतील तर वारसा हिंदू कायद्यानंच. कायद्याला तुमच्या डोक्यातल्या उत्तराशी देणंघेणं नाही, तुम्ही कुठल्या घरात जन्मला याच्याशी आहे. नास्तिकता ही व्यवस्था असती तर तिचा स्वतःचा वारसा कायदा मागणारं कोणीतरी इतक्या वर्षांत उभं राहिलं असतं.


गंगावेशकर

वकीलताईंचा शेवटचा मुद्दा पटला. आणि पंचगंगा घाट, तुम्ही कुठं भेटलात तर मला तुमच्या आईंना नमस्कार करायचा आहे.

माझं मत थोडं सरकलं, पूर्ण नाही. देव न मानणं हा धर्म नाही, ठीक. पण मला अजून वाटतं की माणूस कशावर तरी टेकल्याशिवाय उभा राहत नाही. मी अंबाबाईवर टेकतो. धागाकर्ते, तुम्ही कशावर? आणि घरात पोरं असतील तर त्यांना कशावर टेकायला शिकवता? हे खोचक नाही, मनापासून विचारतोय.


मंगळवारपेठी

मुलगी नऊ वर्षांची आहे. चैत्रात आजीबरोबर जोतिबाला जाते, गुलालात माखून येते, चांगभलं म्हणते, मी अडवत नाही. मला विचारते देव आहे का. मी सांगतो मला वाटतं नाही, आजीला वाटतं आहे, दोघंही तुझ्याशी खोटं बोलत नाही, तू वाच, बघ, विचार, आणि तुला काय वाटतं ते कधीही सांग आणि कधीही बदल. एवढं मात्र ठाम सांगतो, की कुणी आजारी पडलं तर आधी डॉक्टर, कुणाच्या ताटाला जात लावायची नाही, आणि कुणी कितीही मोठा माणूस असू दे, "असं का" हे विचारायला घाबरायचं नाही.

मी टेकतो ते याच्यावर. शाहू महाराजांनी १९०२ ला ५० टक्के जागा राखून ठेवल्या तेव्हा त्यांना कुणी देवानं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी देव सोडलाही नव्हता. तुम्ही आणि मी त्या एका गोष्टीवर दोन्हीकडनं टेकू शकतो, हे मला पुरेसं आहे.


उद्यमनगर_लेथ

वकीलताई एक कामाचं विचारतो, धागा सोडून हाय पण हाय तिथंच. मोटारसायकलच्या अपघाताच्या केसमध्ये मला साक्षीचं समन्स आलंय पुढच्या आठवड्यात. मी बघितलंय डोळ्यानं, खरं तेच सांगणार. पण ईश्वरसाक्ष म्हणायचं माझ्या तोंडात येत नाही आणि न म्हणाल्यानं त्या पोराची केस कच्ची व्हायला नको. म्हणावंच लागतं काय?


काळा_कोट_कसबा_बावडा

नाही. ओथ्स ॲक्ट १९६९, कलम ५. साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगता येतं. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर शपथ द्यायला येतील तेव्हाच शांतपणे म्हणा की मी सत्यप्रतिज्ञेवर सांगणार. कारण द्यावं लागत नाही. साक्षीचं वजन तेवढंच राहतं आणि खोटं बोललं तर शिक्षाही तेवढीच. समन्स आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, अकराच्या आत पोचा, आणि त्या पोराच्या वकिलांना आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको.